परदेशी बिऱ्हाड : टोकियोत घर घ्यायचं कुठे?

प्रश्न : माझ्या नवऱ्याची जुलैत टोकियोला बदली होतेय, निदान तीन वर्षांसाठी. ऑफिस ओतेमाचीला. मुलगी सहा वर्षांची आहे. मी इथली नोकरी सोडून सोबत जाणार. त्याचे बहुतेक भारतीय सहकारी निशी-कासाईला राहतात. तो म्हणतो, "जपानला जाऊन पुन्हा कोथरूडातच राहायचं, तर मग जायचं कशाला?" कंपनीच्या एजंटाने हिरोओ किंवा तोयोसु सुचवलंय. सासूबाईही येऊन राहतील. काय करावं? — अ. कु., पुणे

उत्तर : आधी यजमानांना एवढंच विचारा, की दिवसभर त्या घरात असणार कोण? ते सकाळी आठला बाहेर पडतील ते रात्री नऊला उगवतील. त्यांच्या लेखी वस्ती म्हणजे स्टेशनपासून लिफ्टपर्यंतचा रस्ता. ज्या माणसाला तिथे दिवस काढायचाय त्याने जागा निवडावी, असं माझं मत आहे. या मतापायी बरेच नवरे माझ्यावर रुसलेत, त्यात आणखी एक.

आता कोथरूडचं. निशी-कासाईत भारतीय दिसतात खरे, पण ती जागा जपानीच आहे. संध्याकाळी स्टेशनबाहेर उभ्या राहिलात तर दहा माणसांत नऊ जपानी असतील आणि दहावा तेलुगू, तमिळ नाहीतर गुजराती. मराठी कानावर पडायला थोडी वाट बघावी लागते. सकाळी-संध्याकाळी जिन्यात भेटणारी शेजारीण जपानीच असणार आणि वर्गणी मागायला कोणी येणार नाही, हे यजमानांना सांगून टाका.

ही वस्ती कोणी ठरवून वसवलेली नाही. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी १९७०च्या दशकाच्या अखेरीस इथे राहायला आले, तेव्हा इथे भारतीय नव्हतेच म्हटलं तरी चालेल. मग २००० साल उजाडताना संगणकांत तारखांचा घोळ होईल अशी भीती होती, ते काम करायला आपले इंजिनिअर मोठ्या संख्येने इकडे आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानचे पंतप्रधान मोरी भारतात आले आणि आयटीवाल्यांचे व्हिसा सोपे झाले. नोकऱ्या होत्या, पण घरं मिळेनात. खाजगी घरमालक परदेशी माणूस म्हटला की हात जोडायचे. यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत मात्र तसा प्रश्न नव्हता, आणि त्या निशी-कासाईला भरपूर होत्या. चंद्राणींनी नव्या पोरांना तिथे घरं मिळवून द्यायला मदत केली. वर ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो या बँका आणि शेअरबाजाराच्या भागांत तोझाई मेट्रोने एकही गाडी न बदलता जाता येतं. बस्स, एवढ्यावर वस्ती झाली. २०१९ साली तर महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा वॉर्डच्या सभागृहात निवडून गेले.

त्या तोझाई लाइनबद्दल मात्र यजमानांना अंधारात ठेवू नका. २०१९मध्ये किबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली होती, टोकियोच्या मेट्रोंमधली सगळ्यांत जास्त. आपली लोकल पाहिलेल्या माणसाला यात नवल नाही, फरक इतकाच की इथे कोणी आवाज करत नाही. शेजारच्याचं कोपर बरगडीत आणि डब्यात चिडीचूप. रॅपिड गाड्या निशी-कासाईला थांबत नाहीत, साधी गाडीच धरावी लागते. तरी ओतेमाची जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर आहे. कंपनी उशिरा यायची मुभा देत असेल तर त्यांनी जरूर घ्यावी.

हिरोओ सुंदर आहे, यात वाद नाही. वकिलाती आहेत, अरिसुगावा पार्क आहे, पाश्चात्त्य किराणा मिळतो. पण निशी-कासाईत ज्या भाड्यात तीन खोल्या मिळतात, त्यात हिरोओला एकच खोली येईल. कंपनी भाड्याचा 'काही भाग' देते की सगळं देते, हे बदलीच्या पत्रात नीट वाचा. सगळं देत असेल तर जरूर हिरोओला जा आणि मला जेवायला बोलवा. काही भाग देत असेल, तर एजंट लोक परदेशी माणसाला सवयीने त्याच भागात नेतात, हे लक्षात ठेवा. तोयोसु मधला मार्ग आहे. समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर उंच टॉवर, रुंद फूटपाथ, बाबागाड्याच बाबागाड्या. त्सुकिजीचा मासळीबाजार २०१८मध्ये तिथे हलला. भारतीय कुटुंबंही आहेत. पण ओतेमाचीला तिथून गाडी बदलावी लागते, आणि टॉवरमध्ये शेजारी भेटतो तो लिफ्टमध्ये.

तुमच्यासाठी खरा प्रश्न शाळेचा आहे. निशी-कासाई परिसरात सीबीएसई शिकवणारी भारतीय इंटरनॅशनल शाळा आहे. तीन वर्षांनी नक्की परतायचं असेल तर ती सोयीची, फी मात्र वर्षाला लाखो येन. सरकारी प्राथमिक शाळा फुकट, पुस्तकांसकट, परदेशी मुलांनाही. मी तुमच्या जागी असते तर मुलीला सरकारी शाळेतच घातलं असतं, कारण पहिलीत सगळीच मुलं अक्षरं गिरवत असतात आणि हीच एक वेळ आहे जेव्हा तुमची मुलगी फार मागे नसेल. चौथीत घालाल तर तिचे हाल होतील. इथे वर्ष एप्रिलला सुरू होतं. जुलैत वीस तारखेच्या सुमारास सुट्टी लागते, म्हणजे सप्टेंबरपासून जाईल. एदोगावातल्या शिक्षकांना भाषा न येणाऱ्या पोरांची सवय आहे, हिरोओच्या आसपासच्या शाळांनाही असेल, पण तिथली बरीच परदेशी मुलं इंटरनॅशनल शाळांत जातात. शाळेत दुपारचं जेवण मिळतं, त्यात मासे-मांस आणि बोनितो माशाचा अर्क असतो. शाकाहारी असाल तर आधीच बोला, डबा चालेल का विचारा. हा विषय पहिल्याच भेटीत काढलेला बरा.

घर बघताना दोन-तीन गोष्टी. इमारत जून १९८१नंतरच्या भूकंप-नियमांनुसार बांधलेली आहे का, हे विचारा. त्या महिन्यात नियम कडक झाले. दुसरं, एदोगावा वॉर्डाचा बराच मोठा, जवळजवळ सत्तर टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. वॉर्डने २०१९च्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर "इथे थांबू नका" या अर्थाचं लिहून लोकांना गार केलं होतं. घाबरवायला सांगत नाही, पण तळमजल्याचं घर घेऊ नका आणि नकाशावर तुमचा पत्ता शोधून बघा.

आणि स्वयंपाकघर. यूआरच्या जुन्या घरांत ओट्यावरचा पंखा बऱ्याचदा वाऱ्यासोबत बाहेरच्या गॅलरीत सगळं सोडतो. हिंग-मोहरीची फोडणी बसली की तिसऱ्या दारापर्यंत बातमी पोचते. आमच्या जिन्यात एकदा सूचना लागली होती. त्यावर धावणाऱ्या पोराच्या पायांचं चित्र होतं आणि खाली रात्री नऊनंतर आवाज कमी करण्याची विनंती, कोणाचंही नाव नाही. पण कोणासाठी होती हे सगळ्यांना कळलं. असं बोलायचं असतं इथे. मुलीच्या खोलीत जाड गालिचा घाला, वाद होणार नाही. सुपरमार्केटात भेंडी हिरव्या जाळीच्या पिशवीत आठ-दहा नग मिळते, चौघांच्या भाजीला चार पिशव्या लागतात. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता निशी-कासाईच्या भारतीय दुकानांत मिळतो, हिरोओला राहून तो आणायला यायचं तर अख्खी दुपार जाते.

सासूबाईंबद्दल : भेटीचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो, तेवढ्याचा हिशेब धरा. त्यांना मात्र खाली उतरल्यावर हिंदीत बोलणारी एखादी आजी भेटली तर दुपार सरेल. त्यासाठी निशी-कासाईला तोड नाही. टोकियो मराठी मंडळाच्या गणपतीलाही त्यांना न्या.

म्हणून माझं म्हणणं असं : निशी-कासाईत किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या स्टेशनापाशी घर घ्या, आणि मुलगी जपानी शाळेत घाला. यजमानांना कोथरूड नको ना? मुलीच्या वर्गातल्या आया त्यांना ते देणारच नाहीत.

प्रश्न : मी एकटा आहे, एप्रिलमध्ये टोकियोत आयटी नोकरीला लागतोय. घराला जामीनदार लागतो म्हणतात. ओळखीचं कोणी नाही. — स. दे., नाशिक

उत्तर : यूआरची चौकशी करा. तिथे जामीनदार नाही, रेइकिन म्हणजे घरमालकाला 'आभारा'दाखल द्यायचे परत न मिळणारे पैसे नाहीत, एजंटाचं कमिशन नाही, कराराच्या नूतनीकरणाची फीही नाही. फक्त दोन महिन्यांची अनामत. साधारण भाड्याच्या चौपट मासिक पगाराचा दाखला मागतात. पहिल्या पगाराआधी तो नसेल तर ऑफिसकडून पगार लिहिलेलं नियुक्तिपत्र आधीच घेऊन ठेवा. खाजगी घर घ्यायचं तर जामीन राहणाऱ्या कंपन्या असतात, त्या फी घेऊन सही करतात. घरात दिवा, शेगडी, कधीकधी एसीसुद्धा नसतो, मग पहिली रात्र मोबाइलच्या उजेडात काढणारे बरेच जण मला माहीत आहेत. गॅस सुरू करायला माणूस येतो, तेव्हा तुम्ही घरी हवेत. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा, बँकेचं आणि फोनचं काम त्यानंतरच सुटतं.