ओलं पोतं, तीन मेणबत्त्या अन् मे महिन्यातली सावली

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. प्रयोगाची पेटी शाळेत आहे पण कपाटात, अन् कुलूप उघडायचं म्हटलं की "फुटलं तर भरून कोण देईल" असं ऐकावं लागतं. मुलं व्याख्या पाठ करतात अन् पेपर झाला की विसरतात. लॅबशिवाय कसं शिकवू?

उत्तर : ताई, चावी मिळेल तेव्हा मिळेल, तोवर पोत्यावर काम चालवा. खरंच सांगतो, ओलं पोतं.

आपल्या विदर्भात उन्हापायी शाळा उघडते जूनच्या शेवटी, म्हणजे ऐन पेरणीत. अर्धी पोरं गैरहजर, का तर घरचे सगळे वावरात. मग वावरच वर्गात आणा ना. प्रत्येकाला घरचं सोयाबीन मूठभर आणायला सांगा. घरचंच बरं का, थैलीतलं रंग लावलेलं नको, त्याला औषध चोळलेलं असतं. बारदान धुऊन ओलं करायचं, पिळायचं, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची अन् सावलीत ठेवायची. चार-पाच दिवसांनी उलगडायचं अन् नीट मोड आलेले दाणे मोजायचे. शंभरातले जितके, तितके टक्के. टक्केवारी शिकवायला वेगळा तास लागत नाही.

पहिल्या वर्षी माझी फजिती झाली ते सांगतो. पोट्ट्यांनी प्रेमापोटी दर सुट्टीत त्या गुंडाळीवर तांब्याभर पाणी ओतलं अन् पाचव्या दिवशी उघडलं तर असा वास सुटला की अख्खा वर्ग व्हरांड्यात. शंभरातले नऊ दाणे जिवंत. मागच्या बाकावरचा एक जण म्हणे, "सर, बुडून मेले जी." मी त्याच्यावर खेकसणारच होतो, पण बरोबर तोच होता, बियाण्यालाही श्वास लागतो अन् आम्ही पाणी ओतून ओतून पोत्यातली हवाच घालवली होती. "अंकुरणासाठी पाणी, हवा व योग्य तापमान लागते" हे वाक्य मी बारा वर्षं फळ्यावर लिहीत होतो, त्यातली "हवा" मला त्या दिवशी दिसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लावलं, या वेळी दोन गुंडाळ्या, एक नुसती ओलसर अन् एक मुद्दाम चिंब. तुम्ही तिसरीही लावा, तिच्यातले दाणे आधी डोक्याइतक्या उंचीवरून फरशीवर दहा-बारा वेळा आपटलेले. सोयाबीनचं साल पातळ, मार सहन होत नाही, म्हणून तर थैल्या गाडीतून फेकू नका म्हणतात. किती फरक पडतो ते पोरांनाच मोजू द्या, आधी सांगू नका.

मग हिशेब. उगवण 70 टक्के असली तर एकरी 30 किलो बियाणं धरतात. 60 टक्केच आली तर? 30 गुणिले 70 भागिले 60, म्हणजे 35 किलो. हा आकडा पोरगी घरी जाऊन सांगते अन् बाप ऐकतो, आमच्याकडे तर दुसऱ्या वर्षी दोन-तीन बाप स्वतःच पुडी घेऊन शाळेत आले की आमचंही बघा म्हणून.

पुढं कपाशीला पात्या-फुलं लागली की ज्याच्या वावरात कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारा) आहे त्याला रोज सकाळी त्यातले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायला लावा अन् वर्गात आलेख काढा. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग दिसले की धोक्याची पातळी धरतात, त्यामुळे आलेखात आडवी रेघ कुठं मारायची ते आपोआप ठरतं. एक मात्र कडक पाळा, औषधाचे रिकामे डबे प्रयोगाला आणू द्यायचे नाहीत अन् फवारणी चालू असलेल्या वावरात पोरं जायची नाहीत. 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते तुम्हाला काय सांगू.

प्रश्न : ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते अन् पाणी ग्लासात चढतं. "ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली" असं मी नेहमी सांगतो. एका मुलानं विचारलं, मग विझल्यावर का चढते? मी गप्प. (एक शिक्षक, बुलडाणा जिल्हा)

उत्तर : सर, त्या पोराला पाठीवर थाप द्या. आपण सगळ्यांनी हे चुकीचंच सांगितलंय, मीही. ऑक्सिजन जळतो हे खरं, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड अन् वाफ तयार होते, शिवाय ऑक्सिजन पूर्ण संपायच्या आधीच ज्योत विझते. खरा खेळ गरम हवेचा. ज्योतीनं हवा तापून फुगते, ग्लास ठेवताना थोडी बुडबुड्यांनी बाहेर जाते, विझल्यावर आतली हवा गार होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, अन् बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो.

पण हेही तोंडी सांगू नका. तोच ग्लास, आधी एक मेणबत्ती मग तीन. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच, तरी तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढतं. मग म्हणा, आता सांगा. त्याहून भारी म्हणजे आगीशिवाय करून दाखवा, काचेची बाटली गरम पाण्यानं विसळायची, पाणी ओतून टाकून लगेच गार पाण्याच्या गंजात (पातेल्यात) उलटी धरायची. काहीच जळलं नाही अन् पाणी चढलं! पाणी उकळतं घेऊ नका, बाटली तडकते.

प्रश्न : माझं शिक्षण दहावी, मुलगी सातवीत. सुट्टीत तिला विज्ञानाचं काय दाखवू? टेलिस्कोप घ्यावा का? (एक वडील, वर्धा जिल्हा)

उत्तर : भाऊ, टेलिस्कोप सध्या राहू द्या. अरविंद गुप्तांची कचऱ्यातून खेळणी करायची वेबसाइट आहे, व्हिडिओ मराठीतही आहेत अन् पुस्तकं फुकट उतरवता येतात. नेटवर्क असेल तिथं एकदा डाउनलोड करून ठेवा. नागपूरला जाणं झालं तर रमण विज्ञान केंद्र दाखवा, पण धावतपळत नको, तिला जिथं रमायचं तिथं अर्धा दिवस रमू द्या.

अन् घरच्या घरी एक. मे महिन्यात 23-24 तारखेच्या आसपास तुमच्याकडे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो अन् उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच जाते. वेळ बाराची नाही, बारा वाजून दहा-बारा मिनिटांची, का ते तिला शोधू द्या, नकाशात आपण कुठं अन् घड्याळाची, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेची, रेघ कुठून जाते ते बघून. अंगणात सपाट जागेवर स्टीलचा उंच डबा ठेवा, आठवडाभर आधीपासून रोज त्याच वेळेला सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. चंद्रपूरला कोणी नातेवाईक असतील तर फोन लावा, तिकडं हे तीन-चार दिवस आधी होतं. जुलैत सूर्य परत येताना पुन्हा एकदा होतं, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ असतं, म्हणून मेमधलं चुकवू नका. टोपी घाला अन् सूर्याकडे बघायचं नाही, खाली डब्याकडेच बघायचं.