आजोबांच्या ट्रंकेत हस्तलिखित पोथी सापडली, लॅमिनेट करून घेऊ का?

अजिबात नको. लॅमिनेशनचा चिकट थर गरम करून बसवतात, तो पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको, त्याचे पिवळे डाग कायमचे. कडक उन्हातही वाळवू नका, शाई उडते. मऊ ब्रशने धूळ झटका आणि धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात घट्ट बांधा.

आधी शेवटचं पान मात्र बघा. तिथे बहुधा लेखनाचा शक असतो, त्यात ७८ मिळवा की इसवी सन (शके १७३२ म्हणजे १८१०). कधी लेखनिकाची विनवणीही सापडते: ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्’. तेल, पाणी, सैल बांधणी! ग्रंथपाल म्हणून मीही तेच सांगतो.

अक्षर मोडी असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा.