आधी फोन सरळ कर, मग मॉडेल

अरे, फोनवरून रस्त्यातले खड्डे नि ब्रेक ओळखणाऱ्या मॉडेलचं नंतर बघू. आधी फोन खिशात टाकून कात्रज ते स्वारगेट दुचाकीवर जा आणि ॲक्सेलरोमीटरचा, म्हणजे फोनमधल्या प्रवेग मोजणाऱ्या सेन्सरचा, आलेख स्वतः बघ. खिशात फोन तिरका असतो, म्हणून गुरुत्वाकर्षणाचे ९.८ मी/से² तिन्ही अक्षांवर विखुरतात. ते आकडे आधी गणिताने सरळ करून घे, म्हणजे फोन सरळ धरल्यासारखे, नाहीतर ब्रेक कुठला नि खड्डा कुठला, कळायचं नाही. खड्डा म्हणजे उभ्या अक्षावर टोकदार झटका. ब्रेक पुढच्या-मागच्या अक्षावर सेकंद-दोन सेकंद रेंगाळतो. २००८ मध्ये बंगळुरूत मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या नेरिसेल प्रकल्पाने हेच केलं, शिवाय माइकवरून हॉर्नही ओळखले! मला ते काम फार आवडतं. आणि लोकांचा डेटा घेशील तेव्हा प्रवासातला घराजवळचा तुकडा साठवण्याआधीच कापून टाक, म्हणजे कोण कुठे राहतं ते उघड होणार नाही. जीपीएस गरजेपुरताच लाव, बॅटरी झपाट्याने उतरते.