लॅमिव्हुडिन चालू असताना व्हायरल लोड पुन्हा वाढला, तर एन्टेकाविर चालेल का?

तुमचा भाऊ ३ वर्षं लॅमिव्हुडिन १०० मिग्रॅ घेतोय, हिपॅटायटिस बीचा लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) मध्यंतरी 'सापडत नाही' इतका खाली गेला होता आणि आता ४८,००० आलाय. डॉक्टर टेनोफोविर म्हणतात, मेडिकलवाला म्हणतो एन्टेकाविरही तेच. तेच नाही. इथे डॉक्टरांचं ऐका.

आधी घरातली तपासणी: गोळ्या खरंच रोज पोटात गेल्या का? स्ट्रिप मोजा, विचारून उपयोग नसतो. गोळ्या चुकल्या नसतील आणि महिन्याभराने त्याच लॅबमध्येही लोड नीचांकाच्या दहापटीहून जास्त आला, तर विषाणू बदललाय असं धरायचं.

बदल होतो तो विषाणूच्या पॉलिमरेजमध्ये, म्हणजे त्याच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइममध्ये. २०४ क्रमांकावरच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन किंवा आयसोल्युसिन येतं. त्याची बाजूची फांदी लॅमिव्हुडिनच्या गंधकवाल्या कड्यावर आपटते आणि औषधाला बसायला जागाच उरत नाही. असा विषाणू जरा मंदावतो, पण १८० वर दुसरा बदल झाला की पुन्हा तरतरीत. लॅमिव्हुडिनवर ५ वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत हे घडतं.

एन्टेकाविरला हरवायला हेच दोन बदल आणि १८४, २०२ किंवा २५० पैकी एक, असे तीन लागतात. म्हणून नव्या रुग्णात ५ वर्षांत प्रतिकार जेमतेम १ टक्का. तुमच्या भावाच्या विषाणूने बहुधा दोन पायऱ्या आधीच चढल्यात. अशा रुग्णांत ०.५ ऐवजी १ मिग्रॅ देऊनही ५ वर्षांत जवळपास निम्म्यांत औषध निकामी होतं.

टेनोफोविरला २०४ च्या बदलाने फरक पडत नाही. डोस ३०० मिग्रॅ, रोज एक. त्याआधी क्रिएटिनिन, फॉस्फरस, लघवी आणि एचआयव्ही तपासून घ्या. किडनी किंवा हाडं कमजोर असतील तर टेनोफोविर अलाफेनामाइड २५ मिग्रॅ, जेवणासोबत. मात्र टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर अलाफेनामाइड नको. पूर्वी अ‍ॅडेफोविर (हिपॅटायटिस बीचंच आणखी एक औषध) घेतलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्याने १८१ आणि २३६ वर होणारे बदल टेनोफोविरलाही थोडे नडतात. फक्त लॅमिव्हुडिनच घेतलं असेल तर महागड्या म्युटेशन टेस्टने निर्णय सहसा बदलत नाही.

नवी गोळी हातात येईपर्यंत जुनी बंद करू नका. मधे खंड पडला तर एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) एकदम उसळू शकतो, आणि सिरोसिस असेल तर ते जिवावर बेतू शकतं. टेनोफोविर सुरू झालं की लॅमिव्हुडिन सोबत ठेवून फायदा नाही. लोड दर ३ महिन्यांनी बघा. तो शून्यावर आला तरी पुढे कधी स्वस्त पडतं म्हणून लॅमिव्हुडिनवर परतू नका: बदललेल्या विषाणूची प्रत यकृताच्या पेशींच्या केंद्रकात तशीच पडून असते.