न्यू जर्सीत थेट दहावीला येणाऱ्या मुलीचे विषय कसे ठरवायचे

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी पुण्यात स्टेट बोर्डाची नववी करून जुलैमध्ये न्यू जर्सीला येणार, तर सायन्स-कॉमर्स कधी निवडायचं आणि कुठल्या गावात घर बघायचं. पहिली गोष्ट, इथे सायन्स-कॉमर्स अशी वाटणीच नाही. हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं, आणि इंग्लिश, मॅथ, सायन्स, सोशल स्टडीज, वर्ल्ड लँग्वेजेस, आर्ट्स-म्युझिक, पीई-हेल्थ (शारीरिक शिक्षण आणि आरोग्य) अशी डिपार्टमेंट्स असतात, प्रत्येकातून ठराविक क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे गुण, मिळवायची. वर्षभराचा एक विषय म्हणजे साधारण ५ क्रेडिट्स, हायस्कूल पास व्हायला राज्याच्या नियमाने किमान १२० लागतात. इंग्लिश चारही वर्षं, मॅथ, सायन्स आणि सोशल स्टडीज तीन-तीन वर्षं, त्यातला अमेरिकेचा इतिहास दोन वर्षांचा, आणि पीई शाळेत असेपर्यंत दरवर्षी, ते सहसा सुटत नाही. शिवाय फायनान्शियल लिटरसी अर्धं वर्ष.

आता खरा मुद्दा. तिला पहिल्या वर्षी गणिताच्या कोणत्या वर्गात बसवतात त्यावर पुढची तीन वर्षं ठरतात, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय कारण आपले लोक शाळेचं रँकिंग बघत बसतात आणि हे कोणी विचारतच नाही. इथे गणित एकामागून एक चालतं, अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस. तिला दहावीत अल्जिब्रा टू मिळालं तर बारावीत कॅल्क्युलस होतं. पण अल्जिब्रा वनला बसवलं तर बारावीला ती अल्जिब्रा टूपर्यंतच पोचेल, आणि इंजिनिअरिंगला जायचं असेल तर ते फार कमी पडतं. आपल्याकडे नववीत बीजगणित-भूमिती दोन्ही असतात म्हणून इथल्या काउन्सेलरला, म्हणजे शाळेत मुलांचे विषय ठरवायला मदत करणाऱ्याला, नुसती मार्कशीट बघून अंदाज येत नाही, त्याला एकच 'मॅथेमॅटिक्स' दिसतं. म्हणून दोन्ही भागांची अनुक्रमणिका इंग्रजीत लिहून शाळेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट घेऊन या, आणि इथे आल्यावर प्लेसमेंट टेस्ट (कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा) देता येईल का ते स्वतःहून विचारा. एक गॅप मात्र आहे, वर्गसमीकरणं आपल्याकडे दहावीत येतात आणि इथे ती अल्जिब्रा वनमध्येच होतात, फंक्शन्सही तिथेच. तेव्हा मे-जूनमध्ये बालभारतीचं दहावीचं गणित भाग १ मधलं वर्गसमीकरणांचं प्रकरण करून घ्या आणि फंक्शन्स खान अकॅडमीच्या वेबसाइटवर, फुकट आहे. एवढं केलं तरी टेस्टला ती घाबरणार नाही.

सायन्सचं वेगळंच. आपल्यासारखं दरवर्षी फिजिक्स-केमिस्ट्री-बायो एकत्र नसतं, एका वर्षी एकच विषय, बऱ्याच ठिकाणी आधी बायोलॉजी मग केमिस्ट्री मग फिजिक्स, आणि प्रत्येकाला लॅब. तिच्या नववीच्या विज्ञानाला कशाचं क्रेडिट देतात ते शाळेवर आहे, त्यामुळे लेखी विचारून घ्या.

भाषेकडे दुर्लक्ष करू नका. राज्याला एकच वर्ष पुरतं, पण बऱ्याच कॉलेजांना एकाच परकीय भाषेची निदान दोन वर्षं हवी असतात, तेव्हा दहावीतच स्पॅनिश किंवा फ्रेंच जे असेल ते सुरू करा, अकरावीवर ढकललं की गडबड होते. आणि ॲडमिशनच्या वेळी घरी कुठली भाषा बोलता असा फॉर्म येतो, तिथे सरळ मराठी लिहा. काही जण इंग्लिश लिहायला सांगतात ते ऐकू नका. फार तर तिची इंग्लिशची चाचणी घेतील, इंग्लिश मीडियमची मुलं बहुतेक वेळा त्यात निघून जातात, आणि जिला खरंच मदत लागते तिला ती मिळते, त्यात कमीपणा काय आहे?

लेव्हल्स पण असतात, साधा कॉलेज प्रेप, मग जरा अवघड ऑनर्स, मग कॉलेजच्या पातळीचा एपी. एपीची परीक्षा मे महिन्यात, १ ते ५ स्कोअर, चांगला आला तर पुष्कळ कॉलेजेस क्रेडिट देतात. पण पहिल्याच वर्षी एपीचा हट्ट नको. गणित आणि सायन्स ऑनर्स, बाकी साधं, माझ्या मते एवढं पुरे. आणि एक तरी तास तिच्या आवडीचा ठेवा, कॉयर, ऑर्केस्ट्रा, सिरॅमिक्स, काहीही. आर्ट्सची ५ क्रेडिट्स लागतातच, पण त्याहून मोठं म्हणजे पंधराव्या वर्षी मैत्रिणी मागे सोडून आलेल्या मुलीला नव्या ओळखी अशाच वर्गात होतात, अल्जिब्राच्या तासाला कोण कोणाशी बोलतंय.

घराबद्दल, सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते आणि पुरावा म्हणून लीज (भाडेकरार) मागतात. म्हणून लीज करायच्या आधी त्या त्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवरचं 'प्रोग्रॅम ऑफ स्टडीज' डाउनलोड करून तिच्यासोबत बसून वाचा. कुठल्या डिपार्टमेंटमध्ये काय काय आहे, कुठल्या कोर्सला आधी काय झालेलं लागतं, कॅल्क्युलसच्या वर काही आहे का, कॉम्प्युटर सायन्स आहे का, सगळं त्यात असतं. एडिसनकडे मराठी माणसं भरपूर म्हणून तिकडेच जाता असं दिसतंय, चांगलंच आहे, पण शेजारच्या दोन-तीन डिस्ट्रिक्टची पण बघा. काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मॅग्नेट शाळांबद्दल, म्हणजे निवड करून प्रवेश देणाऱ्या खास शाळांबद्दल, कोणी सांगेल, त्यांचे अर्ज बहुतेक आठवीत असतानाच भरतात, त्यात आता वेळ घालवू नका.

इथल्या मुलांनी पुढच्या वर्षाचे विषय हिवाळ्यातच निवडलेले असतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये गेलात तर चांगले इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीने घ्यायचे विषय, भरलेले असतात. गाव नक्की झालं की तिथल्या शाळेच्या गाइडन्स ऑफिसला (काउन्सेलर बसतात तिथे) पुण्यातूनच ईमेल टाका, सोबत आठवी-नववीच्या मार्कशीट आणि लसींचं कार्ड स्कॅन करून. इथल्या शाळेला लागणाऱ्या कुठल्या लसी राहिल्यात ते तिकडच्या डॉक्टरांकडूनच बघून घ्या, इथे त्या लसींशिवाय सहसा वर्गात बसू देत नाहीत. गणिताची अनुक्रमणिका तयार झाली की इथे टाका, मी बघून सांगते कुठला भाग कशाशी जुळतो.