अपाची कॅमलला पुढे भवितव्य आहे का? आता शिकून उपयोग होईल का?

तुम्ही लिहिलंय, की नव्या नोकरीत हातात कॅमल २ वरचा प्रोजेक्ट पडलाय (कॅमल म्हणजे वेगवेगळ्या सिस्टीममध्ये डेटा नेण्या-आणण्यासाठीची जावा लायब्ररी) आणि टीममधले लोक म्हणतात, "हे जुनं झालं, काफ्का शिक." माझं रोजचं काम इंटिग्रेशनचंच, म्हणजे अशा जोडण्यांचंच आहे, म्हणून ठामपणे सांगतो: कॅमल २ जुनं झालंय हे खरं, पण कॅमल नाही.

काफ्का आणि कॅमल एकमेकांच्या जागी येतच नाहीत. काफ्का मेसेज साठवतो आणि पोचवतो. पण एसएफटीपीवरची (सुरक्षित फाइल सर्व्हरवरची) फाइल उचलणं, एखाद्या जुन्या सोप सर्व्हिसला (एक्सएमएलवर चालणाऱ्या वेब सेवेला) विचारणं, त्यातून नीट डेटा काढून काफ्कात टाकणं, हे कुणीतरी करायलाच लागतं. त्यासाठी कॅमलकडे तीनशेहून जास्त कंपोनंट, म्हणजे तयार जोडण्या, आहेत.

"कॅमलच्या पाठीशी असलेली कंपनीच हात काढून घेईल" ही तुमची भीती मला फारशी पटत नाही. २००७ मध्ये कॅमल सुरू झाल्यापासून त्यावर काम करणारी मंडळी आयोना, प्रोग्रेस, फ्यूजसोर्स आणि २०१२ मध्ये रेड हॅट अशी फिरत आली. त्यांची कंपनी बदलत राहिली, पण कोड अपाची फाउंडेशनकडेच असल्यामुळे रिलीज थांबले नाहीत.

दिशा म्हणाल तर सर्व्हर गळत चाललाय आणि राउट (डेटा कुठून कुठे जायचा ते लिहिलेला मार्ग) तेवढा उरतोय. पूर्वी कॅमल म्हटलं की कॅराफ हा सर्व्हर, त्यात टाकायचे बंडल, ब्लूप्रिंटच्या एक्सएमएल फाइली हे सगळं आलंच. २०१९ च्या कॅमल ३ मध्ये कोअरचे तुकडे करून ते हलकं केलं. क्वार्कस या जावा फ्रेमवर्कवर बरीच तयारी बिल्डच्या वेळीच उरकते, त्यामुळे अ‍ॅप झटकन सुरू होतं. २०२३ च्या कॅमल ४ ला किमान जावा १७ लागतं, आणि कॅराफचा सपोर्ट वेगळ्या प्रोजेक्टमध्ये गेला. आता तर जेबँग या जावा चालवायच्या टूलमुळे यामल या साध्या मजकुराच्या फॉरमॅटची एक फाइल लिहायची आणि एका कमांडवर चालवायची, पॉम ही बिल्डची फाइल वगैरे काही नाही. तीच फाइल काओटो या एडिटरमध्ये चित्रासारखी दिसते. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, कारण नवीन माणूस पहिल्याच दिवशी राउट चालवून बघू शकतो.

मग शिकायचं काय? पॅटर्न, म्हणजे नेहमी येणाऱ्या अडचणींची ठरलेली उत्तरं. समजा बँकेची सेटलमेंट फाइल रात्री एसएफटीपीवर येते. राउट दिसतो साधा: फाइल घ्या, ओळी वेगळ्या करा, काफ्कावर टाका. पण समोरचा अजून फाइल लिहितोय तोवरच तुम्ही ती उचलली तर अर्धाच डेटा येतो, म्हणून रीड लॉक (फाइल पूर्ण होईपर्यंत थांबणं) लागतो. सकाळी कुणीतरी तीच फाइल दुसऱ्या नावाने पुन्हा टाकतं. तेच पुन्हा आलं तर गाळणाऱ्या आयडेम्पोटंट कन्झ्यूमरची की (ओळखखूण) फाइलचं नाव असेल, तर सगळे व्यवहार दुसऱ्यांदा पुढे जातात. त्यामुळे की व्यवहार क्रमांकाचीच हवी. ती नोंद मेमरीत ठेवली तर रीस्टार्टला पुसली जाते, आणि दोन पॉड (अ‍ॅपच्या दोन प्रती) चालू असतील तर एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं, म्हणून डेटाबेसमधली रिपॉझिटरी वापरायची. बिघडलेली ओळ डेड लेटर चॅनलला (अडलेले मेसेज बाजूला ठेवायच्या जागी) जावी, तिच्यापायी बाकीची फाइल अडकू नये. यातलं काहीही कॅमल २ वरून ४ वर आल्याने बदलत नाही.

एआयचं विचारलंत, तर भाषा मॉडेलशी बोलणाऱ्या लँगचेन४जे या लायब्ररीचे आणि मिलव्हस, क्वाड्रंटसारख्या व्हेक्टर डेटाबेसचे (अर्थाने जवळचा मजकूर शोधणाऱ्या) कंपोनंट आलेले आहेत. मला ते स्वाभाविक वाटतं. मॉडेलला कंपनीचा डेटा द्यायचा तर तो आधी कुठूनतरी आणावाच लागतो, आणि आणताना वरच्याच भानगडी येतात.

नाराजी एकच आहे, अपग्रेडची. मायनर व्हर्जनमध्येही काही ना काही हलतं, त्यामुळे अपग्रेड गाइड ओळन् ओळ वाचावं लागतं. तुमच्या प्रोजेक्टसाठी सांगायचं तर २ वरून थेट ४ वर उडी मारू नका. आधी सध्याच्या राउटना टेस्ट लिहा, मग ३ वर या, तिथे सगळं हिरवं झालं की जावा १७ आणि जॅकार्ताचं (जावाच्या javax पॅकेजांची नावं jakarta करण्याचं) काम हातात घ्या. कॅराफवर असाल तर त्याऐवजी स्प्रिंग बूट (दुसरं जावा फ्रेमवर्क) की क्वार्कस, हा निर्णय या सगळ्याच्या आधी टीमकडून करून घ्या, आणि टीमला स्प्रिंग येत असेल तर स्प्रिंग बूटच निवडा.