मेसचं पातळ वरण

प्रश्न : ताई, मी १७ वर्षांची, शाकाहारी. नीटच्या क्लाससाठी लातूरला होस्टेलवर राहते. मेसचं वरण म्हणजे हळदीचं पाणी. खोलीत शेगडी चालत नाही. प्रथिनं आणू कुठून?

उत्तर : अगं, आधी पळी तळापर्यंत घाल! आम्ही होस्टेलवर तेच करायचो, वाढणाऱ्या मावशी ओरडल्या तरी. तुझ्या वयाला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. पोळी-भातातूनही थोडी मिळतातच. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम, पेलाभर दुधात ६. फुटाण्यांचा डबा उशाशीच ठेव, रात्री अभ्यास करताना बिस्किटांऐवजी. महागडी पावडर नकोच. आईकडून शेंगदाण्याची चटणी मागव. पोळीला नुसती लावू नकोस, वाटीभर दह्यात दोन-तीन चमचे कालवून खा.